ठिणगी कधी पडावी



मोटारसायकल किती बदलली, असं विचारलं की आपलं लक्ष आधी तिच्या रूपाकडे जातं. टाकी भरदार झाली, दिव्याचा आकार बदलला, काट्याचा मीटर जाऊन आकडे दाखवणारा पडदा आला. पण झाकणं काढून आत पाहिलं तर फार जुनी मंडळी भेटतात. पेट्रोल इंजिनाचं चार टप्प्यांचं चक्र जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली चालवून दाखवलं. हान्स रेनॉल्ड यांची रोलर चेन १८८० सालची. डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी चौकटीत इंजिन बसवून दुचाकी पळवली १८८५ साली, आणि डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ सालचा. आज सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला उभी असलेली शंभर-सव्वाशे सीसीची कुठलीही मोटारसायकल घ्या. या चारही गोष्टी तिच्यात आहेत, आणि त्या काळच्या कारागिराला त्या बघताक्षणी ओळखू येतील.

मग इतक्या वर्षांत बदललं काय? माझ्या मते, निर्णय कोण घेतो ते बदललं. ठिणगी कधी पाडायची, पेट्रोल किती सोडायचं, ब्रेक किती आवळायचा, हे आधी चालवणाऱ्याचा हात आणि मेस्त्रीचा कान ठरवत. आता ते सीटखालची एक लहानशी पेटी ठरवते.

ठिणगीचं आधी सांगतो, कारण इंजिनाचा सगळा जीव तिच्यात आहे. पिस्टन वर येताना पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबत येतो. तो माथ्याला पोचण्याच्या जरा आधीच ठिणगी पडावी लागते, कारण मिश्रण पूर्ण पेटायला थोडा वेळ लागतो. इंजिन संथ असेल तेव्हा किंचित आधी, वेगात असेल तेव्हा बरंच आधी. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असलं तर सेकंदाला १०० फेरे झाले. एका फेऱ्याचे ३६० अंश. म्हणजे एका अंशासाठी मिळतो सेकंदाचा ३६,००० वा भाग. ही वेळ सुरुवातीच्या गाड्यांत माणूस साधत असे. हँडलवर एक दांडी असायची. किक मारताना ती मागे घ्यायची, वेग आला की पुढे करायची. मागे घ्यायला विसरलं तर किक उलटी फिरून पायावर आदळायची.

१९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड बुलेट तयार होऊ लागली, तोवर ती दांडी गेली होती आणि ते काम वजनं आणि स्प्रिंगा आपोआप करत होत्या. तरीही जुनी बुलेट चालू करणं ही शिकून घ्यायची विद्या होती. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबून किक हळूच खाली न्यायची, अँपिअरचा काटा मधोमध आला की थांबायचं. काटा मध्ये आला याचा अर्थ ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले, पिस्टन माथ्याजवळ आला. मग लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि एकच सणसणीत किक. ज्यांनी हे केलं आहे त्यांना इंजिनाच्या आत काय चाललंय ते पुस्तकाशिवाय कळत होतं. म्हैसूरला बनणाऱ्या जावा आणि येझदीची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे किक आणि गिअरचा लिव्हर एकच. आत ढकलून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की तोच गिअर. इतकी सुबक कल्पना पुढे फारशी कुणी उचलली नाही याची मला आजही हळहळ वाटते.

त्या काळच्या मेस्त्रीचं निम्मं काम पॉइंटचं असे. पॉलिशपेपरने ते घासायचे, फट मोजायची, प्लग काढून त्याचा रंग बघायचा. काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, फिक्या विटेसारखा असेल तर इंजिन खुशीत. पुढे सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक ठिणगी-यंत्रणा आली आणि घासायला पॉइंटच उरले नाहीत. त्यानंतर आलेला संगणक इंजिनाचा वेग, तापमान आणि अ‍ॅक्सिलरेटर किती पिळलाय ते पाहून प्रत्येक ठिणगीची वेळ नव्याने ठरवतो.

पेट्रोलची कथाही याच वाटेने गेली. राजदूत आणि येझदी टू-स्ट्रोक. राजदूतवर दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवून येणारे गवळी अनेकांना आठवत असतील. पंपावर पेट्रोल भरताना त्यात ऑईल मोजून घालावं लागे आणि गाडीमागे निळसर धूर राही. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला वायू बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत येतं, आणि त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निघून जातं. विकत घेतलेलं पेट्रोल हवेत. १९८५ साल मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. त्या एकाच वर्षी आपल्याकडे यामाहाची आरएक्स १०० आली आणि हिरो होंडाची सीडी १०० आली. पहिली टू-स्ट्रोक, हलकी, चपळ, तरुणांच्या गळ्यातला ताईत. दुसरी फोर-स्ट्रोक, शांत, एका लिटरमध्ये थक्क करणारं अंतर जाणारी. आरएक्सचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. धुराचे नियम कडक होत गेले, तशी टू-स्ट्रोक मोटारसायकल रस्त्यावरून ओसरली. तिचा आवाज आवडणाऱ्यांचं दुःख मला समजतं, पण शहराच्या फुप्फुसांसाठी ते योग्यच झालं.

आता आपल्या सोलापुरी उन्हाकडे येतो. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पहाटे पारा पंधराच्या आसपास असतो, मे महिन्यात दुपारी तो त्रेचाळीसवर चढतो. तापलेली हवा विरळ होते. या दोन वेळांमध्ये तेवढ्याच जागेत मावणारी हवा आठ-नऊ टक्क्यांनी कमी भरते. कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. आतून जाणाऱ्या हवेच्या ओढीने पेट्रोल वर खेचलं जातं, एवढंच त्याला ठाऊक. त्यामुळे थंडीत नीट बसवलेलं मिश्रण उन्हाळ्यात पेट्रोलकडे झुकतं, प्लग काळा पडतो, अ‍ॅव्हरेज घटतं. मेस्त्री पेचकसाने स्क्रू थोडा फिरवून, कान देऊन ते ठिकाणावर आणत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंजेक्शनची यंत्रणा हवेचं तापमान आणि दाब मोजते, आणि तेवढ्या हवेला पुरेल इतकंच पेट्रोल फवारते. सोलापूरसारख्या हवामानात हा फरक रोजच्या रोज उपयोगी पडतो. मात्र एक सवय मोडायला हवी. पेट्रोल संपत आलं की कॉक रिझर्व्हवर टाकायचा, तेही संपलं की गाडी आडवी करून उरलेलं पेट्रोल कॉककडे आणायचं, असं आपण वर्षानुवर्षं करत आलो. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी ओढली तर तो महागडा पंप जातो.

या बदलात एक माणूस मागे पडतो आहे, त्याच्याबद्दल बोललंच पाहिजे. झाडाखाली किंवा टपरीत बसणारा मेस्त्री. त्याचं ज्ञान कानात आणि बोटांत होतं. नव्या गाडीतला दोष सांगतो स्कॅनर, आणि स्कॅनर जोडूनही आलेल्या कोडचा अर्थ लावायला माहिती लागते. ती माहिती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेर सहज मिळत नाही. बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट भागातल्या खेड्यातला माणूस प्रत्येक वेळी शहरात गाडी आणू शकत नाही. म्हणून ही माहिती खुली झाली पाहिजे, आणि आयटीआयमधून संध्याकाळचे छोटे वर्ग काढून ती टपरीपर्यंत मराठीत, आणि आपल्या शहरात तर कानडी आणि तेलुगूतही, पोचली पाहिजे. ज्याने आयुष्यभर प्लगचा रंग वाचला त्याला सेन्सरचा आकडा वाचायला शिकवणं मुळीच कठीण नाही.

काही बदल लहान दिसतात, पण आपल्या मुलखात ते मोठे ठरतात. वेड्या बाभळीचा काटा ट्यूबच्या टायरमध्ये घुसला की पाहता पाहता हवा जायची. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून राहतो, हवा हळूहळू जाते, माणूस घर गाठतो. दिव्याचंही तसंच. जुन्या लहान गाड्यांचा दिवा इंजिनाच्या वेगावर जळायचा. खड्ड्यासाठी वेग कमी केला की नेमका प्रकाश मंद. उसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्यात उभी असते तेव्हा याचा अर्थ काय होतो, हे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला रात्री गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. आता एलईडी आले. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा तर दिवसाही बंद होत नाही. आणि मागच्या चाकाचा साडी गार्ड. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत मागचं निम्मं चाक झाकण्याची सक्ती आहे. इरकलीचा पदर चाकात जाऊ नये म्हणून लावलेली ती जाळी काही तरुण शोभेसाठी काढून टाकतात. कृपा करून काढू नका.

जे मुळीच बदललं नाही ते आहे टायर आणि रस्ता यांची गाठ. गाडी दीड लाखाची असो की जुन्या बाजारातली, एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग साधारण तळहाताएवढा. ताशी ६० किलोमीटर वेगात समोर काही आडवं आलं, तर डोळ्याने पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो आणि गाडी सोळा-सतरा मीटर पुढे जाते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर. वेग ८० असेल तर हीच बेरीज अठ्ठावन्न मीटरच्या आसपास जाते, कारण ब्रेकचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. चाक लॉक होऊ न देता ते गाडी सरळ ठेवतं, घसरू देत नाही. पण तळहाताएवढ्या रबराची पकड ते वाढवू शकत नाही, आणि तो पहिला सेकंद कुठल्याही पेटीच्या हातात नाही. हेल्मेट त्या सेकंदासाठी घालायचं असतं.

विजेवरच्या गाडीत ठिणगीच उरली नाही. २०२४ च्या जुलैत बजाजने सीएनजीवर चालणारी मोटारसायकल आणली, म्हणजे इंधनही बदलू लागलं. तरी टायरचा हिशेब तोच आहे, आणि बहुतेक गाड्यांत चेनही तीच आहे. या चेनबद्दल एक सांगून थांबतो, कारण आपल्याकडे गाडीवर चादरींचे गठ्ठे असतात, सुताची पोती असतात, कधी सगळं कुटुंब असतं. चेन ढिली वाटली की लोक ती कडक ताणून घेतात. पण ओझं पडलं की मागचं चाक वर दबतं, आणि पुढचं स्प्रॉकेट, मागच्या फोर्कचा सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर कडक केलेली चेन अशा वेळी गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. तेव्हा गाडीच्या पुस्तिकेत दिलाय तेवढा झोल राहू द्या, तो बोटाने वरखाली करून बघा, चाक फिरवून दोन-तीन ठिकाणी बघा, आणि धूळ पुसल्याशिवाय चेनला ऑईल लावू नका.