गुप्तवार्ता आणि न्यायासन

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथून आलेल्या वकील बंधुभगिनींनो,

ज्या अंबरनाथात आपण जमलो आहोत तेथील आयुधनिर्माणीत पिढ्यानपिढ्या माणसे कामाला जात आली आणि आतल्या कामाविषयी घरी चकार शब्द न काढता निवृत्त झाली. तेव्हा राष्ट्ररक्षणास गुप्तता आवश्यक असते, हे या गावाला कोणी शिकवावयास नको. माझे म्हणणे एवढेच की, जो कारभार गुप्तपणे चालवणे भाग आहे त्याच्यावर कायद्याने नेमलेल्या आणि सरकारच्या मर्जीवर न विसंबणाऱ्या न्यायाधीशाची देखरेख असली पाहिजे.

या संदर्भात न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची कारकीर्द मला फार बोधप्रद वाटते. कामगार कायद्याच्या वकिलीत नाव कमावून १९९० साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायासनावर आलेल्या या संस्कृतज्ञ गृहस्थांकडे मुंबईच्या दंगलींची चौकशी सोपविण्यात आली, आणि ती चालू असतानाच, जानेवारी १९९६ मध्ये, राज्य सरकारने आयोगच बरखास्त केला. काही महिन्यांनी तो पुन्हा नेमावा लागला आणि १९९८ च्या फेब्रुवारीत अहवाल सादर झाला. ज्याच्या हुकमाने चौकशी सुरू होते त्याच्याच हुकमाने ती थांबूही शकते, हे महाराष्ट्राने तेव्हा उघड्या डोळ्यांनी पाहिले.

पुढे २००२ ते २००६ या काळात ते सर्वोच्च न्यायालयात होते. निवृत्तीनंतर विदासंरक्षणाच्या कायद्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, आणि जुलै २०१८ मधील त्या समितीच्या अहवालात, व्यापारी कंपन्यांविषयीच्या विवेचनाच्या जोडीला, गुप्तवार्ता यंत्रणांविषयी स्पष्ट शब्दांत लिहिले गेले. १८८७ पासून चालत आलेला गुप्तवार्ता विभाग, १९६८ साली निघालेली ‘रॉ’, यांचे अधिकार आणि मर्यादा ठरविणारा संसदेचा कायदा आपल्याकडे नाही. फोन टॅपिंगचा हुकूम गृहसचिव काढतात. त्या हुकमांची फेरतपासणी मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील सचिवांचीच समिती करते. आणि माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तराच्या आधारे अहवालाने दाखवून दिले की, दोन महिन्यांनी भरणाऱ्या एका बैठकीपुढे पंधरा ते अठरा हजार हुकूम येतात. एकेका हुकमास केवळ एक मिनिट दिले तरी अडीचशे तास लागतील! ज्यांच्यापुढे राज्याचे सारे काम पडलेले आहे अशा अधिकाऱ्यांकडून हे साधणे मनुष्यशक्तीच्या पलीकडचे आहे, आणि म्हणून ही फेरतपासणी कागदोपत्रीच राहते असे मी सखेद म्हणतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली टॅपिंगला कार्यपद्धतीची चौकट घातली खरी, परंतु हुकमापूर्वी न्यायाधीशाची संमती घेण्याची तरतूद मूळ कायद्यात नसल्याने ती लादण्यास नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका व्यावसायिकाच्या फोनवर पाळत ठेवण्याचे तीन हुकूम रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, ही आपणां सर्वांना अभिमानाची गोष्ट आहे. पण त्या गृहस्थाला आपल्यावरील पाळत कळली ती त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. ज्याच्यावर खटलाच होत नाही त्याने दाद कोठे मागावी? इंग्लंडात २०१६ च्या कायद्यान्वये मंत्र्याने काढलेल्या अशा वॉरंटाला न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते; अमेरिकेत १९७८ पासून परकीय हेरगिरीसंबंधीच्या अर्जांसाठी स्वतंत्र न्यायालय आहे. त्या व्यवस्थाही निर्दोष नाहीत, तरी हुकूम काढणारा आणि तो पारखणारा यांत अंतर असावे, एवढे तत्त्व त्यांनी मान्य केले आहे.

श्रीकृष्ण समितीने अशा देखरेखीचा कायदा सत्वर करण्याची शिफारस केली होती. तो कायदा आजवर झालेला नाही. उलट २०२३ च्या विदासंरक्षण कायद्याने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणा अधिसूचनेद्वारे त्यातून वगळण्याची मुभा दिली. अंबरनाथ व उल्हासनगर कल्याण लोकसभा मतदारसंघात येतात, बदलापूर भिवंडीत. म्हणजे या सभागृहातील मतदारांचे दोन खासदार संसदेत बसतात. ती शिफारस कोठे अडली, हा प्रश्न त्या दोघांनी लोकसभेत विचारावा, अशी लेखी मागणी आपण आजच्या ठरावाने करावी, अशी माझी आपणां सर्वांना विनंती आहे.