एकच काडतूस, दोन बंदुका: आवाज बदलला की थांबायचं

(चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या शनिवारच्या गप्पांचा भाग. बोललं तसंच, थोडं नीटनेटकं करून.)

आज विषय जरा वेगळा आहे. माझा मामेभाऊ टेक्सासला असतो. त्याच्याकडे .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर आहे आणि त्याच काडतुसाची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलही. काडतुसं तो घरीच भरतो. तिकडे ते कायदेशीर आहे. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, "दादा, तू डाय-पंचवाला माणूस, तुला कळेल." आणि त्यानं एक प्रसंग सांगितला. तो शेवटी सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्याकडे हे घरी करायचं नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. आपल्याकडे हे काम खडकीला १८६९ पासून आणि वरणगावला १९६४ पासून सरकारी कारखान्यांत होतं. त्यामुळे व्हिडिओ बघून कुणी प्रेसवर प्रयोग करू नका. मी सांगतोय ते अचूकपणाबद्दल.

एक काडतूस दोन बंदुकांत वापरायची कल्पना जुनी आहे. विंचेस्टरची १८७३ ची रायफल .४४-४० काडतुसाची होती. पुढे १८७८ च्या सुमारास कोल्टनं त्याच काडतुसाचं रिव्हॉल्व्हर काढलं. कमरेला एकच पट्टा, त्यातली काडतुसं दोन्हीकडे चालायची. सोय मोठी. पण काडतूस एक असलं तरी यंत्रं दोन आहेत, आणि दोघांच्या मागण्या उलट्या आहेत.

रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडाला की झटक्यानं बाकीची काडतुसं मागे खेचली जातात आणि त्यांतल्या गोळ्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी फार पुढे आली तर सिलिंडर फिरायचंच थांबतं. लिव्हर रायफलमध्ये काडतुसं नळीखालच्या लांब नळकांड्यात एकामागे एक असतात, पुढून स्प्रिंगचा रेटा. तिथं गोळी उलट आत दबते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो. म्हणून पुंगळीचं तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवावं लागतं. आपल्या भाषेत सीमिंगच. ढिलं चालत नाही, आणि अति दाबलं तर पुंगळी फुगते, मग चेंबरमध्ये बसतच नाही.

त्या नळकांड्यात प्रत्येक गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे प्रायमरवर टेकलेलं असतं. टोकदार गोळी घातली तर ती सुईचं काम करू शकते. म्हणून तिथं चपट्या तोंडाची गोळी लागते. लांबीही मापातच हवी, नाहीतर काडतूस वर उचलणारा भाग अडकतो.

आता दाब. .३८ स्पेशलची मर्यादा चौरस इंचाला १७,००० पौंड, .३५७ मॅग्नमची ३५,०००. व्यास तोच. मग चुकून जड काडतूस जुन्या .३८ मध्ये जाऊ नये म्हणून मॅग्नमची पुंगळी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब ठेवली. ते चेंबरमध्ये पूर्ण जातच नाही. आपण फिक्स्चरला पिन लावतो, जॉब उलटा बसू नये म्हणून, तेच हे. पोका-योके, १९३०च्या दशकातलं!

पण भरणाऱ्याची चूक कुठली पिन अडवणार? .३८ ची पुंगळी काळ्या दारूच्या जमान्यातली, मोठी. आजची दारू तिच्यात तळाला थोडीशीच असते. दोनदा पडली तरी वरून सांडत नाही, कळत नाही. म्हणून शहाणा माणूस पन्नास पुंगळ्या रॅकमध्ये उभ्या करून, बॅटरी मारून, प्रत्येकीत डोकावतो. मगच गोळी बसवतो. टेबलावर एकाच वेळी एकच डबा दारू. फोन बंद. आकडे छापील पुस्तकातले, कमी मापापासून सुरुवात.

आता भावाचा प्रसंग. त्यानं हलका भार भरला होता. रिव्हॉल्व्हरच्या सहा इंची नळीतून गोळ्या सुरळीत जायच्या. तीच काडतुसं वीस इंची रायफलमध्ये घातली. तिसऱ्या वेळी 'ठो'ऐवजी 'फुस्स' आवाज आला. लिव्हर ओढायची सवय हातात असते, मंडळी. अर्ध्या सेकंदात पुढचं काडतूस आत जातं. तो थांबला. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून थोडा वेळ वाट पाहिली, बंदूक रिकामी केली आणि मग नळी तपासली. गोळी मध्येच अडकली होती. लांब नळीत घर्षण जास्त, जोर पुरला नाही. पुढचा बार उडाला असता तर नळी फाटली असती, आणि त्याचा डावा हात तिथंच होता.

मी त्याला म्हटलं, "तू पुस्तकानं नाही, कानानं वाचलास."

आपल्या शेडमध्ये प्रेसचा आवाज बदलतो, तेव्हा आपण काय करतो? बहुतेकदा "अजून एक पीस काढून बघू" म्हणतो. तो एक पीस म्हणजेच ते पुढचं काडतूस. माझ्या शेडमध्ये सोमवारपासून नियम केलाय: आवाज बदलला की पायडलवरून पाय काढायचा, मेन स्विच बंद, मग बघायचं. थांबल्याबद्दल कुणालाही बोलणी बसणार नाहीत. प्रॉडक्शन गेलं तर ते माझ्या हिशोबात.

चला, भेटू पुढच्या शनिवारी. सांभाळून राहा.