पुडीतला राखणदार

स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरिया नावाचा प्रांत आहे. तिथे प्लास्टिकच्या हरितगृहांत ढोबळी मिरची पिकते आणि युरोपभर विकली जाते. या मिरचीची वैरीण म्हणजे पांढरी माशी. पानामागे बसून ती रस शोषते, चिकटा टाकते आणि त्यावर काळी बुरशी चढते. शेतकरी फवारत राहिले, माशी औषधांना सरावत गेली. २००६च्या अखेरीस तिथल्या मिरचीत परवानगी नसलेल्या कीटकनाशकाचे अंश जर्मनीत सापडले. बाजारच हातचा जायची वेळ आली.

तेव्हा शेतकरी वळले एका कोळ्याकडे. नाव अँब्लिसियस स्विर्स्की, लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. कोळी म्हटले की आपल्याला जाळे आठवते. हा जाळे विणत नाही. कोंडा भरलेल्या कागदी पुडीतून तो येतो. पुडी झाडाला टांगली की बाहेर पडून माशीची अंडी आणि कोवळी पिल्ले खातो. उडती माशी त्याच्या आवाक्यात नाही, पण तिची पुढची पिढी तो आवरतो. शिकार कमी पडली तर मिरचीच्या फुलातल्या परागावर गुजराण करतो, म्हणून पिकात टिकतो. टोमॅटोच्या चिकट लवेत मात्र त्याचे पाय अडकतात.

काही हंगामांतच अल्मेरियातले बहुतेक मिरची उत्पादक या वाटेला लागले. अट एकच होती, हात आवरण्याची. चार माश्या दिसताच जहाल औषध मारले, तर आधी राखणदारच मरतो. पंप खांद्यावर घेण्यापूर्वी पान उलटून पाहायचे, एवढी सवय त्यांना लावून घ्यावी लागली.