मेलबर्नचीं जुनीं मैदानें

ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहरीं एखाद्या वयस्क गृहस्थाशीं ओळख करून घ्यावयाची असेल तर त्याला त्याचें घर कोठें असें विचारूं नये. त्याचा संघ कोणता तें विचारावें. पन्नास-साठ वर्षांपूर्वीं या दोन प्रश्नांचें उत्तर बहुधा एकच येत असे. कॉलिंगवुडचा रहिवासी तो कॉलिंगवुडचा, फिट्झरॉयचा तो फिट्झरॉयचा. आणि या दोन वस्त्या म्हणाल तर स्मिथ स्ट्रीट या एका रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे. माझी कन्या त्या शहरांत राहते. त्या निमित्तानें मला तेथें दोन हिंवाळे काढावयास मिळाले. तेथील म्हातारीं माणसें फुटबॉलच्या जुन्या मैदानांविषयीं ज्या गहिंवरानें बोलतात त्याचें मला प्रथम नवल वाटलें. मैदान तें मैदान; त्यांत इतकें रडण्यासारखें काय आहे? पुढें तीं मैदानें पायीं हिंडून पाहिलीं, त्यांच्याविषयीं मिळेल तें वाचलें, आणि त्या गहिंवरामागचें कारण थोडेंबहुत उमगलें.

हा फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलहून अगदीं निराळा. चेंडू लांबट, तो हातानें झेलतां येतो, पायानें मारतां येतो, परंतु फेकतां येत नाहीं. एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसून सोबत्याकडे द्यावा लागतो. प्रत्येक बाजूस अठरा गडी. मैदानाच्या दोन्हीं टोकांस चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेनें गेला तर सहा गुण, कडेच्या फटींतून गेला तर एक. १८५८ सालीं टॉम विल्स नांवाच्या क्रिकेटपटूनें वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचविलें कीं, हिंवाळ्यांत क्रिकेटच्या गड्यांचीं अंगें जड होऊं नयेत म्हणून फुटबॉलचा संघ काढावा. १८५९ च्या मे महिन्यांत तेथल्या मंडळींनीं खेळाचे नियम कागदावर उतरविले. आरंभीं हा खेळ उद्यानांतल्या झाडांमधून चाले. मागाहून तो क्रिकेटच्या मैदानांवर आला, आणि त्यांचा लंबवर्तुळ आकार त्यानें कायमचा आपलासा केला.

येथें एक गंमत ध्यानांत घेण्यासारखी आहे. या खेळाच्या मैदानाला ठराविक माप नाहीं. लांबी १३५ ते १८५ मीटर, रुंदी ११० ते १५५ मीटर, एवढ्या मर्यादेंत कसेंहि चालतें. त्यामुळें प्रत्येक मैदान म्हणजे एक स्वतंत्र व्यक्ति होती. हॉथॉर्नचें ग्लेनफेरी ओव्हल एका अंगास आगगाडीचा रूळ घेऊन इतकें चिंचोळें पडलें होतें कीं गाडींत बसलेल्या उतारूला क्षणभर फुकटांत सामना दिसावा. नॉर्थ मेलबर्नच्या आर्डन स्ट्रीटवर गॅसच्या कारखान्याची अवाढव्य टाकी प्रेक्षकांच्या डोक्यावर उभी असे. साउथ मेलबर्नचें मैदान सरोवराकांठीं, म्हणून तें लेक ओव्हल. एसेंडनच्या मैदानाचें तर नांवच विंडी हिल, म्हणजे वाऱ्याची टेकडी. फुट्सक्रेच्या वेस्टर्न ओव्हलवरहि वारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे असा वाहे कीं, खेळाच्या चार भागांपैकीं कोणत्या भागांत तो आपल्या पाठीशीं राहील याचा हिशेब आधीं करावा लागे. घरच्या गड्यांना हा वारा, हा चिखल, हा कोपरा आंधळ्याला आपलें घर ठाऊक असावें तसा ठाऊक असे. आणि चिखल किती म्हणून सांगूं! उन्हाळ्यांत जेथें क्रिकेटची खेळपट्टी, तेथेंच हिंवाळ्याच्या पावसांत मैदानाच्या मधोमध काळा लगदा होई, आणि तिसऱ्या भागाअखेर दोन्हीं संघांचा गणवेश एकाच रंगाचा दिसे.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीग ही मुख्य स्पर्धा १८९७ सालीं आठ संघांनिशीं सुरू झाली. १९२५ पासून संघ बारा झाले. त्यांपैकीं जिलाँग हें पाऊणशें किलोमीटरांवरचें निराळें शहर, आणि मेलबर्न नांवाचा संघ मोठ्या क्रिकेट मैदानावर, ज्याला सारे एमसीजी म्हणतात तेथें, खेळणारा. उरलेले दहा संघ म्हणजे दहा उपनगरें, आणि दहा उपनगरांचीं दहा मैदानें. शनिवारीं दुपारीं साऱ्या शहरांत सहा सामने एकाच वेळीं चालत. आपण एका ठिकाणीं उभे असलों तरी जीव बाकीच्या पांच ठिकाणीं अडकलेला. मग नभोवाणीचे निवेदक मधून मधून इतर मैदानांवरचे गुण सांगत. आणि गुणफलकावर नुसतीं अक्षरें व आंकडे लागत, कोणतें अक्षर कोणत्या संघाचें हें कळण्यासाठीं 'फुटबॉल रेकॉर्ड' नांवाची छोटी पुस्तिका विकत घ्यावी लागे. व्यापारी बुद्धि कोठेंहि गेली तरी सारखीच!

सज्जांत बसणारे थोडे. बाकी सारी रयत 'आउटर'मध्यें, म्हणजे मैदानाभोंवतालच्या उघड्या उतारावर, उभी. पुढच्याच्या डोक्यावरून दिसावें म्हणून बियरच्या रिकाम्या डब्यांवर उभें राहण्याची चाल होती. 'मीट पाय' नांवाची मांस भरलेली गरम कचोरी सॉस घालून खाणें हा विधीचाच भाग. मी शाकाहारी असल्यामुळें त्याविषयीं अधिकारानें बोलूं शकत नाहीं. या गर्दीत बायकांची संख्या पहिल्यापासून मोठी होती, ही गोष्ट तेथील लोक अभिमानानें सांगतात. गोल झाला कीं पांढरा झगा नि टोपी घातलेला पंच दोन पांढरीं निशाणें हालवी. आणि सामना संपल्याचा भोंगा वाजला कीं, कुंपण ओलांडून मुलें, बाप, काके सारे मैदानांत शिरत, आणि आतांच जेथें त्यांचे वीर लोळले त्या चिखलांत अंधार पडेपर्यंत चेंडू मारीत. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, "सामने मला आतां आठवत नाहींत, पण तो अंधार आठवतो."

परंतु आठवणींचा एक दोष असा कीं त्या आपल्याला हवें तेवढेंच उचलतात. या मैदानांवर सारेंच गोजिरवाणें नव्हतें. बसण्याची, आडोशाची, शौचाची सोय यथातथाच. त्याहून वाईट म्हणजे तेथील जिभा. ज्या जवळिकीची एवढी थोरवी सांगतात त्याच जवळिकीमुळें कुंपणापाशीं उभ्या असलेल्या माणसाची शिवी गड्याच्या कानांत स्पष्ट पडे. डग निकोल्स हा आदिवासी जातीचा तरुण १९२७ सालीं कार्लटनमध्यें आला तेव्हां त्याच्या कातडीच्या रंगामुळें त्याला तेथें मान मिळाला नाहीं. पुढें १९३२ पासून फिट्झरॉयनें त्याला सन्मानानें खेळविलें, आणि तोच माणूस १९७६ सालीं साउथ ऑस्ट्रेलिया प्रांताचा गव्हर्नर झाला. शिवाशिवीचा इतिहास ज्यांच्या घरचा आहे त्या आपणांस ही गोष्ट परकी वाटूं नये. १७ एप्रिल १९९३ रोजीं कॉलिंगवुडच्या व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाचा निकी विनमार हा असाच आदिवासी खेळाडू दिवसभर प्रेक्षकांच्या शिव्या ऐकत खेळला. सामना जिंकल्यावर त्यानें त्या प्रेक्षकांकडे तोंड केलें, अंगांतला सदरा वर उचलला आणि आपल्या काळ्या कातडीवर बोट ठेवलें. तें छायाचित्र त्या देशांत घरोघरीं ठाऊक आहे. २०१९ सालीं पर्थ येथें त्याच पवित्र्यांतला त्याचा पुतळा उभारण्यांत आला. वर्णावरून हिणविण्याविरुद्ध लीगनें नियम केला तो १९९५ सालीं. व्हिक्टोरिया पार्कवर प्रेम करणाऱ्यानें हें प्रेम करतांना विसरूं नये असें मला वाटतें; आणि खरोखर प्रेम करणारे विसरतहि नाहींत.

मग हीं मैदानें सुटलीं कशीं? पुष्कळजण दूरदर्शनावर आणि पैशावर ठपका ठेवतात, आणि तो सर्वस्वी खोटा नाहीं. परंतु मूळ दुखणें जमिनीच्या मालकीचें होतें. बहुतेक मैदानें सार्वजनिक जमिनीवर, नगरपालिकेच्या किंवा विश्वस्तांच्या ताब्यांत. उन्हाळ्यांत क्रिकेट क्लबाचा हक्क. फुटबॉलचा संघ म्हणजे हिंवाळ्यापुरता भाडेकरू. दारावरच्या पैशांतला वांटा, सज्जाची डागडुजी, सभासदांच्या जागा, यांवरून वर्षानुवर्षें तंटे चालत. १९६४ चा हंगाम संपतांच रिचमंडनें आपलें पंट रोड ओव्हल सोडलें. त्याला रस्ता रुंद करण्याच्या योजनेचीहि भीति होती. तो संघ कांहीं पावलांवरच्या एमसीजीवर गेला. सेंट किल्डानेंहि जंक्शन ओव्हल सोडून मुराबिनच्या नगरपालिकेनें देऊं केलेलें मैदान घेतलें, आणि १९६५ सालीं तेथल्या पहिल्याच सामन्यास ५१,३७० माणसें लोटलीं. फिट्झरॉय १९६६ मध्यें, हॉथॉर्न १९७३ मध्यें बाहेर पडले. १९८२ सालीं साउथ मेलबर्नचा संघ तर शहर सोडून थेट सिडनीस गेला. त्यानंतर नॉर्थ मेलबर्न, एसेंडन, फुट्सक्रे. १९९९ मध्यें कॉलिंगवुड. आणि शेवटीं २००५ सालीं कार्लटनच्या प्रिन्सेस पार्कवर पहिल्या प्रतीचा पुरुषांचा शेवटचा सामना झाला. आतां मेलबर्नचे संघ मुख्यत्वें एमसीजी आणि २००० सालीं उघडलेलें डॉकलंड्सचें छपराचें मैदान, या दोन ठिकाणीं खेळतात. एकट्या जिलाँगनें आपलें कार्डिनिया पार्क राखलें आहे.

यांत फिट्झरॉयची कथा मला फार लागली. मैदान सुटल्यावर तो संघ बिऱ्हाडकरूसारखा प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, असा दारोदार फिरला आणि १९९६ सालीं ब्रिस्बेनच्या संघांत विलीन झाला. याच्या उलट फुट्सक्रे. १९८९ च्या ऑक्टोबरांत त्याचें फिट्झरॉयशीं विलीनीकरण जाहीर झालें. कामगारांची वस्ती ती. परंतु लोक वेस्टर्न ओव्हलवर जमले, त्यांनीं डबे घेऊन घरोघरीं हिंडून थोड्याच आठवड्यांत सुमारे १५ लाख डॉलर गोळा केले, आणि संघ वांचला. बासष्ट वर्षांनंतर २०१६ मध्यें त्या संघानें अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां दुसऱ्या दिवशीं लोक गोळा झाले ते त्याच जुन्या मैदानावर. संघाला मैदान असलें म्हणजे लोकांना जमण्याची जागा असते. फिट्झरॉयच्या लोकांना तशी हांक कोठून घालावी हेंच उरलें नव्हतें.

आतां मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट. भाडेकरूपणाला कंटाळून लीगनें स्वतःच्या मालकीचें प्रचंड मैदान बांधलें होतें. शहरापासून विसाहून अधिक किलोमीटर दूर वेव्हर्ली येथें १९७० सालीं तें उघडलें. तेथें आगगाडी नेण्याचें वचन होतें. ती कधींच गेली नाहीं. १९८१ सालीं त्या मैदानावर एका सामन्यास ९२,९३५ प्रेक्षक होते. परंतु मैदान लीगच्या मालकीचें, म्हणून लीगला तें विकतां आलें. १९९९ नंतर तेथें घरांची वसाहत उठली. एक सज्जा आणि घरांच्या मधोमध गवताचा लंबवर्तुळाकार तुकडा तेवढा राहिला. उलट ज्या दहा मैदानांची मालकी संघांना कधींच मिळाली नाहीं, आणि ज्या कारणानें तीं संघांनीं सोडलीं, तीं दहाहि मैदानें आज जागेवर आहेत. विकणारा कोणी नव्हता, म्हणून तीं विकलीं गेलीं नाहींत.

लेक ओव्हलवर आतां धांवण्याचा मार्ग आहे. आर्डन स्ट्रीटवर आणि व्हिक्टोरिया पार्कवर त्या त्या संघांच्या स्त्रिया खेळतात, आणि एरवीं व्हिक्टोरिया पार्कवर सकाळीं कोणीहि आपलें कुत्रें घेऊन फिरावयास जावें. जंक्शन ओव्हल क्रिकेटकडे परत गेलें. २०२० च्या फेब्रुवारींत तेथें ऑस्ट्रेलियाशीं झालेल्या अंतिम सामन्यांत आपल्या सांगलीच्या स्मृति मानधना हिनें ६६ धांवा काढल्या. ज्या गवतावर सेंट किल्डाचे आणि फिट्झरॉयचे गडी चिखलांत लोळले, त्याच गवतावर! आणि ३ फेब्रुवारी २०१७ रोजीं स्त्रियांच्या राष्ट्रीय लीगचा पहिलाच सामना, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, प्रिन्सेस पार्कवर ठेवला, तेव्हां प्रवेश विनामूल्य होता. २४,५६८ माणसें आंत शिरलीं, दारें बंद करावीं लागलीं, आणि बाहेर राहिलेल्यांची लीगच्या प्रमुखांना क्षमा मागावी लागली.

फिट्झरॉयच्या ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर १८८८ सालचा लांकडी सज्जा अद्याप उभा आहे. २००९ पासून फिट्झरॉय या नांवाचा हौशी संघ तेथें खेळतो. एका शनिवारीं मी तेथें गेलों होतों. शें-दोनशें माणसें, कांहीं लहान मुलें, बरींच कुत्रीं. खेळाचा एक भाग संपून गडी आपल्या शिक्षकाभोंवतीं गोळा झाले, तसे प्रेक्षकहि कुंपणांतून आंत गेले. कांहीं त्याचें बोलणें ऐकावयास अगदीं खेळाडूंच्या खांद्याशीं जाऊन उभे राहिले, आणि बाकीच्यांनीं पिशव्यांतून आपापले चेंडू बाहेर काढले. पुन्हां भोंगा वाजेपर्यंत दहा-पंधरा लांबट चेंडू एकाच वेळीं त्या जुन्या सज्जासमोर हवेंत होते.