विजेची गाडी आणि धंद्याचे गणित



बिदर शहरालगतच्या नौबादमध्ये माझे राहणे आहे आणि शाळेत शिकविणे हा माझा व्यवसाय आहे. मोटारगाड्यांचा मी जाणकार नव्हे. तरीसुद्धा धंद्यातील गाड्या विजेवर कशा जातील, या विषयावर बोलावयास मी बसलो आहे, याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी.

घाऊक व्यापाऱ्यांचा किराणा माल दुकानोदुकानी पोचविण्याचे काम तो करतो. त्याच्याजवळ डिझेलचे तीन तीनचाकी टेम्पो होते. त्यांपैकी एक विकून त्याने कर्जाने विजेवर चालणारा टेम्पो घेतला. पहिले दोन महिने तो खुशीत होता. पुढे उन्हाळा आला. भरल्या मालानिशी भालकीकडून परतताना गाडी वाटेतच थांबू लागली. त्यातच तिचा एक भाग बिघडला. तो बाहेरून येईपर्यंत गाडी तेवीस दिवस दारात उभी राहिली. गाडी थांबली, पण बँकेचा हप्ता थांबला नाही. एके दिवशी संध्याकाळी वही घेऊन तो माझ्याकडे आला व म्हणाला, ‘‘सर, माझं चुकलं का? घरात सगळे मलाच बोलतात.’’

गणिताच्या तासाला त्याचे कान मी पुष्कळदा पिळले होते. त्यामुळे आता त्याची वही तपासणे मला भागच होते. त्या रात्री आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तोच आज आपणांपुढे ठेवतो.

लहान मालवाहू टेम्पो भरलेला असता साधारणपणे एका युनिटमध्ये आठ किलोमीटर जातो असे धरू. युनिटचा दर ८ रुपये धरला, तर किलोमीटरला एक रुपया पडला. डिझेलच्या तशाच गाडीला, डिझेल लिटरला ९० रुपये धरले व लिटरमागे तीस किलोमीटर धरले, तरी किलोमीटरला तीन रुपये पडतात. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे दोन रुपये वाचले. आता गाडी रोज ८० किलोमीटर आणि वर्षातून ३०० दिवस चालली, तर वर्षाला ४८,००० रुपये उरतात. विजेच्या गाडीची किंमत समजा सव्वा लाखाने अधिक असली, तर अडीच-पावणेतीन वर्षांत ती फिटते. परंतु तीच गाडी रोज ३० किलोमीटरच चालली, तर वर्षाची बचत १८,००० रुपये. मग तीच रक्कम फिटावयास सात वर्षे लागतील. तोवर बॅटरीच थकावयाची! शिवाय नव्या बॅटरीसाठी दरमहा काही रक्कम बाजूस टाकावी लागते, हेही विसरून चालत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने हे ताडले होते. जितके किलोमीटर अधिक, तितकी बचत अधिक, असा विचार करून त्याने नवी गाडी सर्वांत लांबच्या फेरीवर घातली. विचार चुकीचा नव्हता, अपुरा होता. भालकीला जाऊन-येऊन व वाटेतील खेडी धरून ती फेरी एकशेवीस किलोमीटरांच्या घरात जात होती आणि मालासह त्या गाडीची एका भरणीतली धाव होती नव्वदीच्या आसपास. उलट त्याचे बाकीचे दोन टेम्पो शहरातच सत्तर-ऐंशी किलोमीटर फिरत आणि रात्री घरी येत. म्हणजे जी जागा विजेच्या गाडीची, तेथे डिझेल चालत होते आणि जी जागा डिझेलची, तेथे वीज. गाडी विकणाऱ्याने त्याला किंमत सांगितली, हप्ता सांगितला. पण ‘‘ही गाडी रोज जाणार कोठे?’’ हा साधा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता.

माझ्या मते व्यावसायिकांना साहाय्य करावयाचे, तर त्याचा प्रारंभ याच प्रश्नापासून झाला पाहिजे. ही काही नवी युक्ती नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडात घरोघर दुधाच्या बाटल्या पोचविणाऱ्या हजारो गाड्या बॅटरीवर चालत. त्यांचा वेग बेताचाच होता. पण फेरी ठरलेली, अंतर थोडे, दारोदारी थांबणे पुष्कळ, पहाटे आवाज नको आणि काम संपताच गाडी डेअरीत परत. कामाचा आणि यंत्राचा असा मेळ बसल्यामुळे पेट्रोलच्या राज्यातही त्या टिकल्या. आपल्याकडे गॅसची नळकांडी, दूध, पाव, टपाल, शाळेची मुले, यांची वाहतूक याच जातीची आहे. हैदराबादेस माल नेऊन त्याच दिवशी परतणाऱ्या ट्रकाचे गणित मात्र वेगळे आहे. त्याच्या मालकाला उगाच भरीस घालणे हे साहाय्य नव्हे.

दुसरा प्रश्न पैशाचा. सरकारने मदत केलेली नाही, असे म्हणता येणार नाही. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. १ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या केंद्राच्या पी. एम. ई-ड्राइव्ह योजनेत बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तास क्षमतेमागे पहिल्या वर्षी ५,००० रुपये आणि पुढील वर्षी २,५०० रुपये अनुदान ठेवण्यात आले. आकडा निम्म्याने उतरला, हे ध्यानात घ्या. अनुदान हे श्रावणातल्या ओढ्यासारखे असते. ते पाहून कोणी विहीर बुजवू नये. अनुदान वगळूनही ज्याचा हिशेब जुळतो, त्यानेच गाडी घ्यावी.

मग लहान माणसाने करावे तरी काय? येथे मोठ्या शहरांच्या बससेवांकडून शिकण्यासारखे आहे. मुंबईच्या बेस्टने व पुण्याच्या पी.एम.पी.एम.एल.ने विजेच्या बसगाड्या आणताना पुष्कळशा गाड्या स्वतः विकत न घेता कंत्राटाने घेतल्या. बस कंत्राटदाराची, दुरुस्ती त्याची, आणि मोबदला धावलेल्या किलोमीटरांवर. गाडी उभी राहिली तर तोटा ज्याने ती पुरविली त्याचा. पुढे २०२२ साली बंगळूर, दिल्ली, हैदराबाद, सुरत व कोलकाता या पाच शहरांसाठी ५,४५० बसगाड्यांची मागणी एकत्र करण्यात आली आणि १२ मीटर लांबीच्या बसचा किलोमीटरला ४३ रुपये ४९ पैसे असा, पूर्वीच्या मानाने बराच उतरलेला दर मिळाला. जे पाच शहरांना साधले, ते एका गावातील वीस टेम्पोवाल्यांना लहान प्रमाणात का साधू नये? वीसजणांनी मिळून मागणी केली, तर किंमत उतरेल. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दुरुस्तीस अमुक दिवसांहून अधिक वेळ लागल्यास पर्यायी गाडी द्यावी, अशी अट लेखी घालता येईल. एकट्यादुकट्याच्या अटी ऐकून घेतो कोण?

येथे मोठ्या व्यापाऱ्यांनाही एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. आमचा माल आता धुराविना पोचतो, असे ते अभिमानाने सांगतात. आनंद आहे. पण तो माल पुष्कळदा माझ्या विद्यार्थ्यासारख्याच्या कर्जाच्या गाडीतून जातो. कंत्राट मिळते वर्षाचे आणि हप्ते असतात चार वर्षांचे. श्रेय वर राहावे आणि जोखीम खाली उतरावी, हा न्याय नव्हे. हप्त्यांच्या मुदतीइतके काम लेखी दिले, तर त्याला आणखी दानाची गरज नाही.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. नौबादपासून तीसएक किलोमीटरांवर जहीराबादेत विजेच्या तीनचाकी गाड्या तयार होतात आणि आमच्या रस्त्यावरच्या गॅरेजमधील मिस्त्री मात्र त्यांच्या बॅटरीच्या पेटीस हात लावावयास भितो. त्याचे भिणे योग्यच आहे. ती पेटी चुकीच्या रीतीने हाताळली, तर ते जिवावर बेतू शकते. पण ज्याने वीस वर्षे डिझेलची इंजिने खोलली, त्याच्या हाताला नवे काम शिकविणे अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी अशा प्रौढ कारागिरांसाठी संध्याकाळचे वर्ग भरवावेत. नाही तर गाड्या बदलतील आणि त्याची चूल विझेल.

आमच्या नौबादच्या जमिनीखाली बहामनी काळातील करेझ आहे. भूगर्भातील पाणी मंद उताराने वस्तीकडे नेणारे हे भुयार, आणि त्यावर ठिकठिकाणी खणलेली उभी विवरे. मुलांना ती दाखवितो तेव्हा मी सांगतो, की पाणी पोचले ते केवळ भुयार खणल्याने नव्हे. विवरांतून उतरून गाळ काढणारी माणसे होती, तोवर ते वाहिले. ती व्यवस्था मोडली आणि ते तुंबले. अलीकडच्या काळात गाळ उपसला, तेव्हा कोठे ते पुन्हा नजरेस आले. नव्या गाड्यांचेही तसेच आहे.

माझ्या विद्यार्थ्याने आता विजेची गाडी शहरातल्या फेरीवर लावली आहे. भालकीला पुन्हा डिझेलचाच टेम्पो जातो. तेवीस दिवसांचा तोटा अजून भरून निघालेला नाही, पण वहीतला मासिक आकडा आता खाली उतरत नाही. दुसरी गाडी घेण्यापूर्वी तो आणखी चौघा टेम्पोवाल्यांना घेऊन माझ्याकडे आला. प्रत्येकास मी एकच काम दिले: महिनाभर रोज किती किलोमीटर गेलात आणि रात्री गाडी कोठे उभी केलीत, एवढे लिहून आणा. गाडी कोणती घ्यावी, हे त्या वह्या पाहिल्यावर ठरवू.