सोऱ्यातून निघणारी भिंत
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"हल्ली काय करतोस रे?" असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. एका वाक्यात सांगतो: मी सिमेंटच्या चकल्या पाडतो!

सिमेंट, बारीक वाळू, औष्णिक केंद्रातली राख आणि बारीक तंतू कमी पाण्यात घट्ट मळायचे. यंत्रातला मळसूत्री दांडा तो गोळा पुढे रेटतो, वाटेत त्यातली हवा ओढून घेतली जाते आणि साच्यातून सलग, आतून पोकळ फळी निघते. गोळा सैल झाला तर फळी खाली बसते. चिकटपणा कमी पडला तर दाबाने पाणी पुढे पळतं आणि कोरडा गोळा साच्यात अडकतो. म्हणून थोडं मिथाइल सेल्युलोज घालतात. घरी सोऱ्या चालवलेल्यांना हे नवीन नाही.

तंतू कशाला? आपल्या आज्या मातीच्या गिलाव्यात भुसा घालायच्या, त्याचसाठी. नुसतं सिमेंट तडा गेला की एकदम तुटतं. तंतू तड्याच्या दोन्ही कडा धरून ठेवतात. साच्यातून जाताना बरेचसे तंतू लांबीच्या दिशेने वळतात. त्यामुळे फळी लांबीत जास्त मजबूत, रुंदीत कमी. बसवताना हे ध्यानात ठेवावं लागतं. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्रा. सुरेंद्र शहा यांच्या गटाने १९९० च्या दशकात यावर बरंच संशोधन केलं.

त्याच दशकातली आपली तारीख ३० सप्टेंबर १९९३. विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. आपल्यापैकी काहींचं आजोळ तिकडचं. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची माती झोपलेल्या माणसांवर कोसळली. उन्हाळ्यात गारवा देणारं छतच काळ ठरलं. हलक्या भिंतीचं मोल मला तिथून कळलं.

पण नुसती हलकी फळी म्हणजे भूकंपात टिकणारं घर नव्हे. सांगाडा आणि जोड पक्के हवेत. शिवाय ही यंत्रं आणि तंतू अजून महाग आहेत. म्हणून आज माझ्या मालाची जाहिरात करत नाही, एक विनंती करतो. नांदेड-लातूरकडच्या आपल्या गावांत माळवदं अजून आहेत. घरी गेलात की वर चढून मातीचा थर किती झालाय ते पाहा. जाणकार अभियंत्याला विचारून तो कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवून घ्या. त्याला कुठलंही यंत्र लागत नाही.