खटका दाबावा, पण केव्हा?



मोटार चालू असताना कोणी एकदम मेन स्विच ओढला, तर आत चर्रकन ठिणगी उडते. वाहता प्रवाह एकाएकी तोडला, की त्यातली शक्ती उष्णता होऊन बाहेर पडते. पाती जळतात, प्रसंगी हातही भाजतो.

आता जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील पोलादाच्या भट्ट्या पाहा. भंगार वितळवून त्यापासून पुढे सळया करण्याचा हा धंदा. भट्टीभोवती तांब्याच्या नळीचे वेटोळे असते. त्यातल्या प्रवाहाची दिशा सेकंदाला शेकडो वेळा पालटते, आणि त्यामुळे आतल्या लोखंडातच उष्णता निर्माण होते. इतक्या वेळा खटका पालटणे हाताचे काम नव्हे. ते थायरिस्टर नावाचा सिलिकनचा खटका करतो. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत १९५७ साली तो तयार झाला. त्याचा स्वभाव असा, की एकदा चालू झाला म्हणजे प्रवाह शून्यावर येईपर्यंत तो बंद होत नाही.

मग प्रवाह शून्यावर आणायचा कसा? नागपंचमीचा झोका आठवा. टोकाला गेला की तो क्षणभर थांबतो. तेव्हा हात लावला तर काही त्रास नाही. मध्येच वेगात अडवला, तर मनगट मुरगळते. वेटोळ्याला कॅपॅसिटर जोडला, की विजेलाही असाच झोका मिळतो. प्रवाह चढतो, ओसरतो, शून्यावर येतो. नेमका तो क्षण साधून खटका पालटायचा. याला इंजिनिअर मंडळी 'सॉफ्ट स्विचिंग' म्हणतात; आपण 'अलगद खटका' म्हणू.

स्वयंपाकघरातल्या इंडक्शन शेगडीतही हीच युक्ती आहे. तिथे प्रवाह शून्य होण्याऐवजी खटक्यावरचा दाब शून्यावर येण्याची वाट पाहतात. तो खटका सेकंदाला २०,००० हून अधिक वेळा चालतो. दर खेपेस ज्यूलचा केवळ हजारावा भाग वाया गेला, तरी २० वॅट झाले! ती सारी उष्णता नखाएवढ्या सिलिकनमधून बाहेर काढावी लागते. कॅपॅसिटर बिघडला, की झोक्याचा ताल चुकतो, आणि खटका तापून जळतो.

शिक्षकबंधूंनो, हा झोका मुलांना अंगणात दाखवा. विजेचा धडा सोपा होईल. आणि शेतकरी बांधवांनो, आपला मेन स्विच काही शून्याचा क्षण शोधत नाही. म्हणून आधी स्टार्टरचे बटण दाबून मोटार थांबवा, आणि मगच मेन स्विच ओढा. त्यात पातीही वाचतील, आणि हातही.